लोकलहोस्टपासून पिरंगुटच्या घाटापर्यंत

(अंतिम वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

‘माझ्याकडे तर चालतंय!’ हे वाक्य आमच्या डिपार्टमेंटमध्ये दिवसातून निदान दहा वेळा ऐकू येतं. व्हायव्हात सरांनी विचारलं तरी हेच, सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राने फोन केला तरी हेच. मीसुद्धा हे वाक्य मनसोक्त वापरलंय. गेल्या जूनमधल्या एका सकाळपर्यंत.

मित्रांनो, हा लेख वेब ॲप्लिकेशनच्या फ्रंट-एंडबद्दल आहे. पण स्क्रीन कशी सजवायची, कुठलं फ्रेमवर्क भारी, यावर मी काही बोलणार नाही. त्यावर कँटीनमध्ये रोजच भांडणं होतात. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. लिहून झालेला कोड, चित्रं, फॉन्ट हे सगळं बांधायचं कसं, सर्व्हरवर न्यायचं कसं, आणि नेलं की नक्की काय होतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी ते चुकून शिकलो, आणि त्या चुकीची किंमत मी नाही, दुसऱ्यांनी भरली.

आधी आमच्या ॲपची ओळख. कॉलेजच्या बसेस सकाळी कोथरूडकडून निघतात. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा घाट, पिरंगुट, घोटवडे फाटा आणि तिथून आत वळून भरे. कुठली बस किती वाजता, कुठल्या थांब्यावर, आज काही बदल आहे का, हे सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यायचं आणि ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांखाली गाडलं जायचं. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाडला, पुढच्या वर्षी नवे रस्ते सुरू झाले, तेव्हापासून तर ‘थांबा नक्की कुठं?’ हा कायमचा प्रश्न. म्हणून मी आणि माझ्या पार्टनरने मिनी प्रोजेक्टला बसचं ॲप केलं. पहिल्या स्क्रीनवर रोजचं वेळापत्रक, आणि ‘आजचा बदल’ असं एक बटण.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. आम्ही दोघं भऱ्यातच खोली घेऊन राहतो. कॉलेजला चालत जातो. म्हणजे ज्यांनी बसचं ॲप केलं ते दोघं कधी बसने येतच नाहीत! खोलीवर वायफाय आहे. ॲपची सगळी टेस्टिंग त्या वायफायवर, गादीवर लोळत झाली.

गाठोडं कशासाठी बांधायचं?

आमच्या स्वतःच्या हातच्या फाईल्स होत्या चाळीसेक. पण त्या ज्या लायब्रऱ्या मागवतात, त्या आणखी ज्या मागवतात, असं मोजत गेलं तर हजाराच्या वर जातात. डेव्हलपमेंट करताना हे जाणवत नाही, कारण सर्व्हर आणि ब्राउझर एकाच लॅपटॉपमध्ये, एकाच मांडीवर.

पूर्वी लोक पानावर एकाखाली एक स्क्रिप्टचे टॅग लिहायचे. जेक्वेरी (२००६ ची) आधी, तिचं प्लगइन नंतर. क्रम चुकला की ‘डॉलर इज नॉट डिफाइन्ड’. शिवाय एचटीटीपी १.१ मध्ये ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी साधारण सहाच जोडण्या उघडतो. बाकीच्या फाईल्स एसटी स्टँडवरच्या रांगेसारख्या ताटकळत. त्यामुळे सगळ्या फाईल्स चिकटवून एक करायची आणि त्यातल्या मोकळ्या जागा, कॉमेंट काढून टाकायच्या, ही पद्धत पडली. याहूचा वायूआय कॉम्प्रेसर २००७ चा, त्याच कामासाठीचा. त्याच वर्षी स्टीव्ह साउडर्स यांचं पुस्तक आलं, ज्यात त्यांनी सांगितलं की वापरणाऱ्याला जो वेळ थांबावं लागतं त्यातला बहुतांश फ्रंट-एंडवर जातो, सर्व्हरवर नाही. २००९ मध्ये नोड आलं आणि त्यानंतर ब्राउझरिफाय, वेबपॅक ही खरीखुरी बंडलर मंडळी आली. आम्ही वापरला तो व्हीट २०२० चा.

बंडलर करतो काय? त्याला एक सुरुवातीची फाईल द्यायची. ती कुणाकुणाला इम्पोर्ट करते ते तो बघतो, मग त्या फाईल्स कुणाला इम्पोर्ट करतात ते बघतो... थोडक्यात ग्राफ ट्रॅव्हर्सल! डेटा स्ट्रक्चरच्या पेपरात ज्याला आपण शिव्या घालतो तोच. ग्राफ पूर्ण झाला की हव्या त्या फाईल्स योग्य क्रमाने एका गाठोड्यात बांधायच्या. ज्या फंक्शनला कोणीच हाक मारत नाही ते गाळून टाकायचं. याला ‘ट्री शेकिंग’ म्हणतात. जांभळाचं झाड हलवलं की सुटं असेल ते खाली पडतं, तसं. पण हे नीट जमतं ते इम्पोर्ट-एक्सपोर्टच्या पद्धतीने लिहिलेल्या लायब्ररीतच. जुन्या ‘रिक्वायर’वाल्या लायब्ररीत नक्की काय लागणार आहे ते प्रोग्रॅम चालवल्याशिवाय कळत नाही, म्हणून बंडलर बिचारा घाबरून सगळंच ठेवतो.

आमच्या सेमिनारमध्ये एकाने फार चांगला प्रश्न विचारला होता. २०१५ मध्ये एचटीटीपी २ आलं, त्यात एकाच जोडणीवरून कितीही फाईल्स एकदम येतात, मग गाठोडं हवंच कशाला? उत्तर असं की रांगेचा प्रश्न सुटला, साखळीचा नाही. पहिली फाईल आल्याशिवाय ब्राउझरला कळत नाही की दुसरी हवी आहे. दुसरी वाचल्याशिवाय तिसरी कळत नाही. साखळी सहा कड्यांची असेल आणि घाटातल्या नेटवर्कवर एका फेरीला ३०० मिलिसेकंद लागत असतील, तर जवळजवळ दोन सेकंद नुसत्या विचारपूस करण्यात गेले. गाठोड्यात ही साखळी बिल्डच्या वेळीच, आपल्या लॅपटॉपवर सोडवलेली असते.

बत्तीस सेकंद

आमचं पहिलं गाठोडं भरलं १.६ एमबी. मला अभिमानच वाटला, एवढं काम केलंय म्हणून! पार्टनरने मात्र वहीवर हिशोब मांडला. १.६ एमबी म्हणजे १६०० केबी, गुणिले आठ म्हणजे १२,८०० किलोबिट. घाटात सेकंदाला ४०० किलोबिट मिळाले तर भागिले चारशे. बत्तीस सेकंद. तोपर्यंत बस घाट उतरून पिरंगुटला लागते. आणि हे फक्त उतरवून घेणं. स्वस्तातल्या फोनला एवढी जावास्क्रिप्ट वाचून चालवायला आणखी वेळ लागतो, तो वेगळाच.

मग गाठोडं सोडून बघितलं. बंडलचं चित्र काढून देणारी साधनं मिळतात, ती एकदा चालवाच. आपल्या घरात कोण कोण राहतंय ते कळतं. आमच्या घरात ‘मोमेंट’ राहत होता, तारखा लिहिण्यासाठी, आणि तोही जगातल्या सगळ्या भाषांच्या फाईल्स घेऊन. (मोमेंटच्या लोकांनी स्वतःच २०२० मध्ये जाहीर केलं की नव्या प्रोजेक्टला आता हा घेऊ नका.) आम्हाला हवं होतं एवढंच, ‘सोमवार, १६ जून’ असं मराठीत दिसणं. ते ब्राउझरमध्ये आधीपासूनच असतं. ‘इंटल’ नावाच्या सोयीला ‘एमआर-आयएन’ सांगितलं की वार, महिना आणि आकडेसुद्धा देवनागरीत. शून्य केबी! त्याशिवाय एका फंक्शनसाठी घेतलेली आख्खी लोडॅश होती. आणि नकाशाची लायब्ररी होती, जी कोणी उघडतही नव्हतं.

नकाशा काढला, लोडॅश काढली, मोमेंट काढला. मग सर्व्हरवर कॉम्प्रेशन चालू केलं. मराठीसाठी हे फार महत्त्वाचं आहे, बरं का. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘पिरंगुट’ हा शब्द काना-मात्रा-अनुस्वार धरून सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइट. इंग्रजीत तोच आठ बाइटमध्ये बसतो. पण देवनागरीच्या त्या तीन बाइटपैकी पहिला नेहमी सारखाच, दुसऱ्याच्या दोनच शक्यता, त्यामुळे जीझिप किंवा ब्रॉटली लावलं की हा फुगवटा झपाट्याने खाली बसतो. कॉम्प्रेशन न लावता मराठी साईट चालवणं म्हणजे धान्याऐवजी पोत्यात हवा भरून नेणं.

आकार आला १८० केबीवर. तोच हिशोब परत मांडा: ३.६ सेकंद.

भऱ्याचा ‘ऱ’

यात फॉन्ट धरलेला नव्हता. आम्ही ‘मुक्ता’ घेतला होता, मुंबईच्या एक टाईपचा, मुक्त परवान्याचा, दिसायला सुरेख. पण देवनागरी फॉन्ट म्हणजे १२८ चिन्हांची पेटी नव्हे. क्ष, त्र, स्त, द्य, ष्ट्र अशी शेकडो जोडाक्षरं आणि ती केव्हा वापरायची याचे नियम, सगळं त्या एका फाईलमध्ये असतं. म्हणून ती जड. आमच्या वडीलभावांच्या पिढीला आठवत असेल, २००० च्या आसपास मराठी वर्तमानपत्रांच्या साईट वाचायच्या तर आधी त्यांचा त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा, नाहीतर पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. आता युनिकोडमुळे अक्षर वाचता तरी येतं. पण वजनाचा प्रश्न आहे तिथेच आहे.

उपाय सोपा: फॉन्टमधली लागतील तेवढीच अक्षरं ठेवायची. पायथनमधल्या फॉन्टटूल्सने हे एका कमांडमध्ये होतं. मी शहाणपणा करून अक्षरांची यादी हाताने टाईप केली. अ ते अः, क ते ज्ञ, बाराखडीच्या खुणा, ० ते ९. पहिल्या प्रयत्नात नियमांचे तक्तेसुद्धा ‘जागा वाचते’ म्हणून उडवले, तर ‘रस्ता’मधला ‘स्त’ फुटून स-ला पाय मोडलेला दिसायला लागला. ते लगेच लक्षात आलं. तक्ते परत ठेवले, सगळं छान दिसायला लागलं. एक सोडून.

‘बस भऱ्याला ७.५५ ला पोचेल’ या ओळीतला ‘ऱ्या’ वेगळ्याच वळणाचा, जाडसर, दुसऱ्या कुठल्यातरी फॉन्टमधला. अर्धा तास डोकं खाल्ल्यावर कळलं. भरे गावाचं नाव ‘र’ने लिहितात, पण ‘भऱ्याला’ म्हणताना जो अर्धा र येतो तो ‘सूर्या’तला रफार नव्हे, तो आडवा र. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘कोऱ्या’ यांतला. युनिकोडमध्ये तो लिहायला बहुधा ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरतात, आणि शाळेतल्या मुळाक्षरांच्या तक्त्यात ते नसतं! माझ्या यादीतही नव्हतं. फॉन्टमध्ये सापडलं नाही म्हणून ब्राउझरने तेवढा तुकडा फोनमधल्या दुसऱ्या फॉन्टने काढून दिला. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चीही तीच कथा. म्हणजे आमच्या ॲपला गावाचं नाव आणि स्वतःचं नाव, दोन्ही धड लिहिता येत नव्हतं.

तेव्हापासून मी यादी हाताने करत नाही. देवनागरीचा आख्खा पट्टा ठेवतो, जोडाक्षर घडवणारी अदृश्य चिन्हं ठेवतो, आणि बचत करायची ती वजनांत करतो. आठवड्याच्या वेळापत्रकाला साधा आणि ठळक, दोन पुरेत. फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या फॉन्टने मजकूर दाखव, असंही सीएसएसमध्ये सांगून ठेवलंय. लोकांना वेळ वाचायचीय, सुलेखन नंतर.

नावातला हॅश

आता मुख्य गोष्टीकडे येतो. फाईल एकदा फोनमध्ये आली की ती रोज रोज परत कशाला आणायची? ब्राउझर ती स्वतःजवळ ठेवतो, याला कॅशे म्हणतात. (खिशातली कॅश नव्हे. ती आमच्याकडे नसतेच.) पण मग नवीन फाईल आली हे त्याला कळणार कसं? यावर युक्ती अशी की फाईलच्या आतल्या मजकुरावरून एक हॅश काढायचा आणि तो फाईलच्या नावातच घालायचा. ‘मेन-७एफ३ए.जेएस’ असं काहीतरी. आत एक अक्षर जरी बदललं तरी नाव बदलतं. मग या फाईल्सना खुशाल वर्षभराची मुदत द्या, ३,१५,३६,००० सेकंद, आणि वर ‘इम्युटेबल’ असा शिक्का मारा: या नावाची फाईल कधीच बदलणार नाही, परत विचारायला येऊ नकोस.

फक्त एका फाईलचं नाव बदलता येत नाही. ती म्हणजे ‘इंडेक्स.एचटीएमएल’, कारण तिचा पत्ता लोकांच्या हातात आहे. बाकीच्यांची आजची नावं तिच्या पोटात लिहिलेली असतात. म्हणून तिला ‘नो-कॅशे’ लावायचं. हे नाव अगदी फसवं आहे. त्याचा अर्थ ‘साठवू नको’ असा नाही, ‘साठव, पण दर वेळी सर्व्हरला विचारून मगच वापर’ असा आहे. बदल नसेल तर सर्व्हर ३०४ एवढंच कळवतो, फाईल परत पाठवत नाही.

आम्ही वर्षाची मुदत लावली होती. इंडेक्सला काहीच लावलं नव्हतं. काहीच लावलं नाही तर ब्राउझर स्वतःच्या अंदाजाने चालतो: फाईल वीस दिवसांत बदललेली नाही ना, मग साधारण त्याच्या दहा टक्के, म्हणजे दोन दिवस न विचारता वापरू. हे मला माहीत नव्हतं.

आणखी एक ‘हुशारी’ केली होती. १८० केबीसुद्धा एकदम कशाला, म्हणून गाठोड्याचे तुकडे पाडले. वेळापत्रक सगळ्यांना लागतं, ते मुख्य तुकड्यात. ‘आजचा बदल’ची स्क्रीन कधीतरीच लागते, म्हणून ती वेगळ्या तुकड्यात, बटण दाबलं की तेव्हाच येईल. कागदावर एकदम बरोबर. कधीतरीच लागते हे खरं. पण लागते तेव्हा सगळ्यांना एकदम लागते, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ती सकाळ

प्रॅक्टिकल-ओरलचे दिवस होते. रात्रभर पाऊस. घाटात एक ट्रक बंद पडून रस्ता एकेरी झाला होता, म्हणून ठरलं की सकाळच्या बसेस घाटातून न नेता हिंजवडी, माण, घोटवडे अशा फिरवून भऱ्याला आणायच्या. भूगाव-भुकूमच्या मुलांनी साडेसहाला चांदणी चौकात यायचं. हा बदल रात्री साडेअकराला ॲपमध्ये भरला. त्यासाठी नवीन बिल्ड लागत नव्हतं, मजकूर सर्व्हरवरून वेगळा यायचा. तिथेच मी झोपलो असतो तर हा लेख झाला नसता.

पण मला वाटलं, बदल महत्त्वाचा आहे, बटण निळं आहे ते लाल करूया. एक ओळ. रात्री एकला बिल्ड केलं. माझी डिप्लॉय स्क्रिप्ट दोन ओळींची होती: सर्व्हरवरचं फोल्डर रिकामं कर, नवीन फाईल्स टाक. लॅपटॉपवर उघडून बघितलं. लाल. मस्त. झोपलो.

आता बघा काय झालं ते. रंग बदलला मुख्य तुकड्यातला, म्हणून त्याचं नाव बदललं. ‘आजचा बदल’चा तुकडा मुख्य तुकड्यातून काही गोष्टी नावानिशी मागवतो, म्हणून त्याच्या आतला मजकूर बदलला, म्हणून त्याचंही नाव बदललं. जुन्या नावाचा तुकडा मी पुसून टाकलेला. आणि लोकांच्या फोनमध्ये? जुना इंडेक्स (दोन दिवस न विचारता), त्याने सांगितलेला जुना मुख्य तुकडा (वर्षभर न विचारता). ॲप झटकन उघडलं, वेळापत्रक दिसलं, ‘आज बदल आहे’ असा ठिपकाही दिसला. बटण दाबलं की फोन जुन्या नावाचा तुकडा मागायचा.

सर्व्हरने निदान ‘नाही’ म्हणायला हवं होतं. तेही म्हणाला नाही. एका पानाच्या ॲपसाठी एनजिनएक्समध्ये एक नियम लिहितात की मागितलेली फाईल नसेल तर इंडेक्स द्या. मी तो सरसकट लिहिला होता. म्हणून जावास्क्रिप्ट मागितली तर सर्व्हर २०० ओके म्हणून एचटीएमएल देत होता. ब्राउझर म्हणाला, ही काही स्क्रिप्ट नव्हे. रिॲक्टमध्ये चूक झेलायची सोय आम्ही केलेली नव्हती, त्यामुळे आख्खी स्क्रीन उतरली. पांढरं पान.

कडी म्हणजे, त्या फोल्डरमधल्या प्रत्येक उत्तरावर वर्षाच्या मुदतीचा शिक्का बसत होता. म्हणजे फोनने ते चुकीचं उत्तरही वर्षभरासाठी जपून ठेवलं. नंतर मी घाईघाईने जुने तुकडे परत टाकले तरी त्या फोनवर पांढरंच. पान रिफ्रेश केलं असतं तर नवा इंडेक्स येऊन सगळं चाललं असतं. पण भर पावसात छत्री सांभाळत उभ्या असलेल्या माणसाला हे कोण सांगणार?

सात वाजता पहिला फोन आला. मी काय म्हणालो असेन? ‘माझ्याकडे तर चालतंय!’

भूगावच्या थांब्यावर दुसऱ्या वर्षाच्या काही मुली सव्वा तास भिजत उभ्या होत्या. त्यांची बस येणारच नव्हती. शेवटी मिळेल त्या गाडीने, एकेरी घाटातून रखडत त्या पोचल्या तेव्हा एकीची ओरलची बॅच संपून गेली होती. एक्स्टर्नल चांगले होते, तिला शेवटी पाच वाजता घेतलं. दिवसभर ती ओल्या कपड्यांत लॅबच्या बाहेर बसून होती. मी माफी मागायला गेलो तर चिडली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘दादा, काल रात्री तर चालत होतं. मग कशाला हात लावलात?’’

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. लाल रंगासाठी, असं कसं सांगणार?

काय काय बदललं

मी तोपर्यंत समजत होतो की डिप्लॉय केलं की जुनं जातं आणि नवं येतं, बल्ब बदलल्यासारखं. तसं नसतं. सर्व्हर माझा आहे, पण फोन लोकांचे आहेत. डिप्लॉयनंतर काही तास, काही दिवस, जुनं आणि नवं दोन्ही जिवंत असतं, आणि जुन्यावर असलेल्या माणसाला जुन्याच फाईल्स लागतात.

म्हणून आता आमची स्क्रिप्ट फोल्डर रिकामं करत नाही. आधी नवे तुकडे जुन्यांच्या शेजारी जाऊन बसतात; नावं वेगळी असल्यामुळे भांडण होत नाही. सगळे पोचले की अगदी शेवटी इंडेक्स. क्रम उलटा केला तर मधल्या काही सेकंदांत नवा इंडेक्स अजून न आलेल्या फाईल्स मागतो. तीस दिवसांपेक्षा जुने तुकडे वेगळी स्क्रिप्ट काढते. काही जण दर बिल्डचं वेगळं फोल्डर करून ‘करंट’ नावाचा दुवा त्याच्याकडे वळवतात. ते चांगलं आहे, क्षणात मागेही फिरता येतं, पण लक्षात घ्या की दुवा वळला की जुने तुकडे लोकांना दिसेनासे होतात, म्हणजे आमचीच चूक जास्त ऐटीत! तुकड्यांचं फोल्डर सगळ्या बिल्डना सामायिकच हवं.

एनजिनएक्सचा ‘नसेल तर इंडेक्स द्या’ हा नियम आता तुकड्यांच्या फोल्डरला लागू नाही. नसेल तर सरळ ४०४. एनजिनएक्सचं एक बरं आहे, जादा हेडर तो ४०४ वर आपणहून लावत नाही, मुद्दाम ‘ऑलवेज’ लिहिलं तरच लावतो. त्यामुळे चुकीच्या उत्तराला वर्षाची मुदत मिळत नाही. इंडेक्सला ‘नो-कॅशे’. आणि एखादा तुकडा नाहीच आला तर ॲप एकदा, फक्त एकदाच, स्वतःहून रिफ्रेश होतं. व्हीट त्यासाठी वेगळा इव्हेंट देतो. ‘एकदाच’वर जोर देतोय, कारण पहिल्या प्रयत्नात पार्टनरचा फोन सारखा रिफ्रेश होत तापून गेला.

सोर्स मॅप लोकांसाठी ठेवत नाही, स्वतःजवळ ठेवतो. नाहीतर ‘ओळ १, अक्षर ४८,२१३ ला चूक’ एवढंच हाती लागतं. आणि गाठोड्यात कुठलीही गुप्त किल्ली बांधू नका. ते गाठोडं प्रत्येक फोनवर उघडलं जातं.

पण सगळ्यात मोठा बदल यातला कुठलाच नाही. ‘आजचा बदल’ हा मजकूर आम्ही जावास्क्रिप्टमधूनच काढला. बदल भरला की सर्व्हर तो सरळ इंडेक्सच्या एचटीएमएलमध्ये, साध्या परिच्छेदात लिहून ठेवतो. बटण नाही, तुकडा नाही, फॉन्टसुद्धा नाही आला तरी चालेल. घाटात एक काडी नेटवर्क असलं तरी तेवढं येतं. पार्टनर म्हणतो, हे आपण पहिल्या दिवशी केलं असतं तर निम्मं प्रोजेक्ट लागलंच नसतं. खरं आहे, पण मग मार्क कशाचे मिळाले असते?

बस काकांना हे सगळं समजावून सांगितलं तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘पोरा, माझा नंबर टाक की त्यात.’’ टाकला. तोही साध्या एचटीएमएलमध्ये.

टेस्टिंगही आता गादीवर होत नाही. डिप्लॉयच्या आदल्या दिवशी आमच्यापैकी एक जण जुनी आवृत्ती फोनमध्ये उघडी ठेवून संध्याकाळच्या बसने चांदणी चौकापर्यंत जातो, मधेच दुसरा खोलीवरून नवी आवृत्ती टाकतो, आणि बसमधला घाटात सगळी बटणं दाबून बघतो. येताना भूगावला वडापाव.

या वर्षी आम्ही पास आऊट होतोय. ॲप दुसऱ्या वर्षाच्या टीमकडे सोपवायचं आहे. डिप्लॉय स्क्रिप्ट आणि एनजिनएक्सची फाईल, प्रत्येक ओळीला मराठीत कॉमेंट लिहून, प्रोजेक्ट लॅबमधल्या मशीनवर ठेवली आहे. टीममध्ये त्या दिवशी लॅबबाहेर बसलेली तीही आहे. पहिल्याच मीटिंगला तिने विचारलं, जुने तुकडे तीसच दिवस का, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर परत येणाऱ्यांचं काय? मी ते नव्वद केलं.